एका उडीचा वेळ

२०१६चा मे महिना होता आणि मराठवाड्यात पाणी नव्हतं. लातूरसाठी मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी येत होतं, ते रोज पेपरात वाचायचो. आमच्या वाटूरला रेल्वे नाही. फाट्यावरून टँकर वळला आणि हॉर्न ऐकू आला, की तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाया हंडे घेऊन पळायच्या. मोसंबीच्या बागांच्या काटक्या झाल्या होत्या. अशा दिवसांत आम्ही अकराजणी एका काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून जालन्याला 'सैराट' बघायला गेलो. त्यात माझी आत्या होती, साठीच्या पुढची. थेटरात त्याआधी कधी गेली होती, ते तिला आठवत नव्हतं.

खेळ सुरू झाला. आधी क्रिकेटचा सामना, गर्दी, माइकवरचं समालोचन. लोक खळखळून हसत होते. मग पडद्यावर पाणी आलं. लांबवर पसरलेलं, संथ, उन्हात चमकणारं पाणी आणि त्यात एक होडी. माझ्या शेजारची बाई खुर्चीत एकदम पुढे सरकली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "माय माय, किती पाणी गं!" प्रेमाची गोष्ट अजून पुरती सुरूही झाली नव्हती आणि सगळं थेटर त्या पाण्याच्या प्रेमात पडलं होतं.

गोष्टीतल्या पोराला, होडीतल्या परशाला, कळतं की त्याला आवडणारी आर्ची विहिरीवर आली आहे. तो होडीतून झेप घेतो, पोहत काठाला लागतो, ओल्या अंगानं रानातून धावत सुटतो आणि थेट विहिरीत उडी टाकतो. अजय-अतुलचं गाणं त्याच्याबरोबर धावत असतं. ती उडी पडद्यावर संपता संपत नाही. पोरगं हवेत तरंगतं, हात पसरलेले, खाली हिरवं पाणी. आत्यानं माझा हात घट्ट धरला होता. पाणी उडालं तेव्हा तिनं तो सोडला, आणि मला कळलं की तिच्यासारखाच मीही श्वास रोखला होता.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. ती उडी खरी किती वेळाची होती?

आमच्याकडे विहिरीची खोली फुटात सांगत नाहीत, परसात सांगतात. पुरुषभर उंची म्हणजे एक परस. आमच्या शेतातली विहीर सात परस. चांगल्या पावसाळ्यात पाणी इतकं वर येतं, की कठड्यावरून उडी मारली तर जेमतेम दोन परस खाली जायचं. हिवाळा सरेपर्यंत चार परस. एप्रिलमध्ये तळ. उडी मारण्याचे प्रकारही ठरलेले. डोक्यावर जायचं तो सूर, आणि गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन पडायचं तो मुटका. मुटका मारला की पाणी कठड्यापर्यंत उडतं, म्हणून पोरांना तोच आवडतो. पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकलेलं पोर ज्या दिवशी डब्याशिवाय मुटका मारतं, त्या दिवशी ते मोठ्यांत जमा होतं.

आता हिशेब करू. वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात साधारण पाच मीटर खाली येते. वीस फूट, म्हणजे सहा मीटरवरून पाण्यात पडायला लागतात सुमारे १.१ सेकंद. यात एक गंमत आहे, ती मला शाळेत कुणी नीट दाखवली नव्हती: उंची चौपट केली तरी वेळ दुप्पटच होतो. ऐंशी फुटांवरून पडणारा माणूससुद्धा हवेत फक्त सव्वादोन सेकंद असतो. म्हणजे विहिरीतली कुठलीही उडी एक-दोन सेकंदांत आटोपते. नाव घेऊन हाक मारायलाही तेवढा वेळ लागतो. पण ज्यानं ती मारली आहे त्याला विचारा. तो कडा, तो पाय सुटल्याचा क्षण, पोटात पडलेला खड्डा, समोरच्या भिंतीच्या कपारीतलं कबुतर, कुणाचं तरी ओरडणं आणि मग कानात शिरलेलं पाणी, एवढं सगळं तो सांगेल. एका सेकंदात हे मावलं कसं?

याचा शोध खरोखर घेतला गेला आहे. डेव्हिड ईगलमन हे अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना ३१ मीटर उंचीवरून खालच्या जाळीत, पाठ खाली करून, मोकळं सोडलं. पडायला अडीच सेकंद लागत होते. नंतर प्रत्येकाला विचारलं: आठवून सांगा, किती वेळ पडत होतात? स्वतःच्या पडण्याचा वेळ त्यांनी दुसऱ्याचं पडणं पाहिल्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त सांगितला. पण खरी कमाल पुढे आहे. पडणाऱ्याच्या मनगटाला एक छोटं यंत्र बांधलं होतं. त्यावरचे आकडे इतक्या भरभर उलटसुलट चमकत की साध्या वेळी ते वाचताच येऊ नयेत. पडताना वेळ खरोखरच संथ झाला असता, तर ते आकडे वाचता आले असते. कुणालाच आले नाहीत. २००७ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातून असं दिसतं की त्या क्षणी वेळ लांबत नाही, नंतरच्या आठवणीत लांबतो. भीतीच्या किंवा थराराच्या वेळी मेंदू आठवण दाट विणतो, आणि दाट विणलेलं कापड उलगडायला बसलं की ते लांबलचक वाटतं.

हे वाचलं तेव्हा मला जालन्याचं ते थेटर आठवलं. कारण ईगलमन यांनी आठवणीत जे सापडवलं, तेच 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी पडद्यावर करून दाखवलं होतं. परशाची उडी चालू असताना आपण त्याच्या उडीऐवजी त्याची आठवण पाहत असतो. पुढे कधीतरी, सगळं होऊन गेल्यावर, त्याला ती उडी अशीच आठवेल.

सिनेमात हे करायची युक्ती दिसायला अगदी सोपी. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रं जातात. कॅमेऱ्यानं सेकंदाला २४ टिपली, तर जग आहे त्या वेगानं दिसतं. कॅमेऱ्यानं ९६ टिपली आणि दाखवताना २४च दाखवली, तर एका सेकंदाचे चार होतात. आपल्या १.१ सेकंदाच्या उडीचे जवळजवळ साडेचार. युक्तीचं पेटंट १९०४ सालचं आहे, ऑस्ट्रियातल्या ऑगस्ट मुसगर या पाद्र्याचं. पण नुसता वेग कमी केला म्हणजे झालं, असं नाही. लग्नाच्या व्हिडिओतही नवरा-नवरी संथ चालतात, आणि तिथं कुणाचा श्वास अडकत नाही. संथ केल्यावर चित्रात जे उघडं पडतं, ते खरं असावं लागतं. खोटं असेल तर तेही चौपट दिसतं.

इथं मी अभिनयाकडे येते, कारण माझं खरं कुतूहल तिथंच आहे.

आकाश ठोसर हा पैलवान पोरगा. परशाच्या भूमिकेसाठी त्याला वजन उतरवावं लागलं, पण तालमीत घडलेलं अंग कुठं जाणार? तो धावतो तेव्हा त्याचे खांदे सैल असतात, पाऊल जमिनीला विचारत नाही, जमीन ओळखीची असल्यासारखं पडतं. धावण्याचा अभिनय करणारा माणूस चौपट संथ केला, तर त्याच्या चेहऱ्यावर 'मी धावतोय' असं लिहिलेलं दिसतं. आकाशच्या चेहऱ्यावर धावणं नाहीच, विहीर आहे. आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, चित्रपट लागला तेव्हा ती पंधराचीही नव्हती. पहिलाच चित्रपट, आणि तो लागण्याआधीच राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा खास उल्लेख झाला होता. ती बुलेटवर बसते तेव्हा आधी गाडी जणू तिची होते, मग चालू होते. ट्रॅक्टर घेऊन परशाच्या वस्तीकडे जाते तेव्हा स्टिअरिंगवरचा हात ढिला असतो. ज्या घरात ट्रॅक्टर आहे त्या घरातल्या लेकीचाच हात तसा असतो. आमच्या काळीपिवळीतल्या बायांनी बाकी काही पाहिलं नसेल, तो हात पाहिला. परतताना एकजण म्हणाली, "तिला खरंच येतंय बाई चालवायला."

हे मंजुळे यांनी आधीही केलं होतं. 'फँड्री'तला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, त्यांना हलगी वाजवणारा मुलगा म्हणून दिसला होता. अभिनय म्हणजे काय हे त्या मुलाला माहीत नव्हतं, पण हलगीच्या कातड्यावर काडी कधी पडायची आणि कधी थांबायचं हे त्याच्या मनगटाला माहीत होतं. त्या कामासाठी त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला वाटतं, अशा मुलांकडून काम करून घेण्याचं मर्म इथंच आहे. त्यांना भावना दाखवायला सांगायचं नाही. त्यांच्या अंगात आधीपासून जे काम मुरलं आहे ते करायला लावायचं, आणि ते करत असताना त्यांचं मन दुसरीकडे आहे एवढं कॅमेऱ्यानं टिपायचं. माणूस प्रेमात पडतो तेव्हा तो तरी दुसरं काय करतो? हात नेहमीचं काम करत असतात आणि मन भलतीकडे असतं.

भाषेचंही तेच. करमाळ्याची बोली आमची नव्हे. आमच्याकडे 'जाऊ राह्यलो' म्हणतात, तिकडचे हेल वेगळे, शब्द तोडायची जागा वेगळी. पण थेटरात एकाही बाईला ते परकं वाटलं नाही. मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, त्यांनी आपल्या मातीतली बोली शुद्ध न करता जशीच्या तशी ठेवली. ती आपली नसली तरी कुणाची तरी खरी आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. मराठी कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, असं आर्ची दरडावते तेव्हा थेटर डोक्यावर घेतलं जायचं. हिंदीत २०१८ साली याच गोष्टीवरचा 'धडक' आला, उदयपूरच्या वाड्यांत घडणारा. मी तो मन लावून पाहिला. कलाकार मेहनती होते, पण त्यांच्या पायांखाली कुठलीच जमीन नव्हती. आर्ची-परशाच्या गोष्टीतला जातीचा काटाही बोथट करून टाकलेला. काटा काढला की त्याभोवतीचं सगळं अंग सैल पडतं.

पण विहिरीकडे परत जायला हवं, कारण आत्याचं सगळं लक्ष तिथं होतं.

परशा उडी मारतो त्या विहिरीत आर्ची आणि तिच्या मैत्रिणी आधीपासून पोहत असतात. उडी मारणाऱ्या पोरांना ती बाहेर व्हायला सांगते. विहीर तिची आहे. आणि तो पायऱ्या चढून जात असताना ती त्याच्याकडे बघते. मान खाली घालत नाही, चोरून बघत नाही. बघते, आणि तो गडबडतो. पुढे वर्गातही तसंच, ती टक लावून बघत राहते आणि नजर चुकवायची वेळ त्याच्यावर येते. आपल्याकडच्या कोवळ्या प्रेमाच्या गोष्टींत बहुतेक वेळा मुलगा बघतो आणि मुलगी लाजते. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा 'शाळा' फार हळुवार चित्रपट आहे, मला अतिशय आवडतो, पण तिथंही आपण मुकुंदाच्या डोळ्यांनी शिरोडकरला शोधत असतो. 'सैराट'नं नजरेची दोरी मुलीच्या हातात दिली.

नुसत्या बघण्यात एवढं काय असतं, याचं एक जुनं उत्तर रशियातल्या लेव्ह कुलेशोव यांच्या प्रयोगात आहे. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा निरनिराळ्या चित्रांना जोडला: सूपची वाटी, शवपेटी, वगैरे. चेहरा तोच, पण प्रेक्षकांना त्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. म्हणजे पडद्यावरचा भाव अर्धा पाहणाऱ्याच्या मनात तयार होतो. रिंकूच्या चेहऱ्याची ताकद मला यात दिसते. ती भुवया नाचवत नाही, ओठ थरथरवत नाही. ती पाहते आणि जागा मोकळी ठेवते. त्या मोकळ्या जागेत थेटरातल्या प्रत्येक बाईनं आपापलं काहीतरी ठेवलं.

आत्यानं काय ठेवलं ते मला परतीच्या वाटेवर कळलं. तिच्या माहेरच्या शेतात विहीर होती. भावांबरोबर तीही पोहायला शिकली, डबा बांधून, आणि मुटका तर भावांपेक्षा जोराचा मारायची. मग एका उन्हाळ्यात आईनं सांगितलं, आता विहिरीवर जायचं नाही. कारण सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, तेव्हा विचारत नसत. ती बारा वर्षांची होती. भाऊ म्हातारे होईपर्यंत पोहत राहिले. वयात येण्याच्या गोष्टी आपण प्रेमाच्या अंगानं सांगतो. गावाकडच्या कितीतरी बायांचं वयात येणं असं विहिरीच्या कठड्यावर, एका वाक्यात झालेलं आहे. पाण्यात पाय मारणाऱ्या आर्चीकडे आत्या का इतक्या ओढीनं बघत होती, ते मला उशिरा समजलं.

आणि परशाच्या त्या गाण्यातलं याड? त्या शब्दाचीही मला फार गंमत वाटते. वेडाचं याड झालं की त्यातला रोग निघून जातो आणि ओढ राहते. २००५ साली आर्थर ॲरन, हेलन फिशर आणि ल्युसी ब्राउन यांनी नव्यानं प्रेमात पडलेल्या १७ जणांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. आपल्या माणसाचा फोटो समोर आला, की मेंदूच्या तळाशी, खोलवर असलेला एक छोटासा भाग उजळत होता. डोपामिन पाठवणारा हा भाग, हवंसं काही मिळवायला माणसाला पळायला लावणारा. तहान लागलेल्याला पाण्याकडे खेचणारी यंत्रणा हीच. म्हणजे प्रेम ही नुसती भावना नाही, ती तहानेच्या घराण्यातली ओढ आहे. तहानलेल्या जिल्ह्यातल्या बायांनी त्या थेटरात पाणी आणि प्रेम एकाच उसाशात पाहिलं, याचं मला म्हणूनच आता नवल वाटत नाही.

त्या ओढीला साजेसं संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणगृहात तिथल्या मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. करमाळ्याच्या रानातून धावणाऱ्या पोरामागे तिकडचे व्हायोलिनवाले उभे! पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते गाणं पुन्हा लावून फक्त तंतुवाद्यं ऐकली. ती उडीच्या आधी वर चढत जातात, पाय सुटल्यासारखी, आणि आपल्यालाही खाली जमीन उरत नाही.

मध्यंतर झालं. 'झिंगाट'ला नाचून दमलेली पोरं शेंगदाणे खात बसली. मध्यंतरानंतर एकही गाणं नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

'सैराट' हा शब्द आमच्याकडे आधी सुटलेल्या वासरासाठी वापरतात. दावं तुटलं की ते शेपूट वर करून, दिशा न बघता पळत सुटतं. पण कुठलंच वासरू दिवसभर सैराट पळत नाही. संध्याकाळी त्याला भूक लागते, अंधार पडतो, कुत्री मागे लागतात. चित्रपटाचा उत्तरार्ध ही ती संध्याकाळ आहे. घरातून पळालेले आर्ची आणि परशा हैदराबादच्या झोपडपट्टीत येतात. संथ दृश्यं गेली, वाद्यवृंद गेला. आता वेळ घड्याळाचा चालतो: डोशाची गाडी लावायची वेळ, कारखान्याची पाळी, पगाराची तारीख. मंजुळे यांनी इथं सेकंदाला २४ चित्रांचं जग आहे तसं सोडून दिलं.

मला रिंकूचं सगळ्यात थोर काम इथं दिसतं. थेटरात शिट्ट्या पडल्या त्या बुलेटवर. इथं कुणी शिट्टी मारली नाही. पाटलाच्या वाड्यात पाठीचा कणा ताठ ठेवून चालणारी मुलगी उग्र वासाच्या खोलीत, अनोळखी अंथरुणावर बसते आणि तिला बसताच येत नाही. अंग चोरावं लागतं. ही अंग चोरण्याची कला तिला कुणी कधी शिकवलीच नव्हती, परशाला ती जन्मापासून येते. दोघांच्या बसण्यातला हा फरक संवादात कुठंच नाही, पण जातीबद्दल हजार पानं वाचून जे कळणार नाही ते त्या दोन पाठी बघून कळतं. मग महिन्या-महिन्यांनी ती बदलते. तेलुगू शिकते, कामाला लागते, हातांना वेग येतो. छाया कदम यांची सुमनअक्का तिला कोरड्या मायेनं उभं करते. त्या बाईच्या आवाजात गोडवा नाही आणि आधार मात्र भरपूर. परशा संशयानं आंधळा होऊन हात उचलतो, आर्ची निघून जाते, परत येते. प्रेमात पडण्याला एक गाणं पुरतं. प्रेमात राहण्याला उत्तरार्ध लागतो, आणि चौदा वर्षांच्या मुलीनं तो पेलला.

मग ते दिवस येतात जेव्हा सगळं बरं चाललेलं असतं. मूल झालेलं, घर थोडं सावरलेलं. आर्चीचं आईशी फोनवर बोलणं झालेलं. आणि तिचा भाऊ दारात येतो, माणसं घेऊन, आईनं दिलेल्या वस्तू घेऊन. आर्ची चहा ठेवते.

हा चहा मी किती वेळा पाहिला ते मोजलेलं नाही. दोघं स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आहेत, बाहेर पाहुणे बसले आहेत. माहेरचं माणूस आल्यावर बाईच्या हातांची जी धांदल होते ती रिंकूच्या हातांत आहे. साखर किती, कप पुरतील का, हसू लपवायचं की दाखवायचं. आम्ही अकराजणी त्या धांदलीला ओळखत होतो. माझ्या मागून एक बाई पुटपुटली, "नको गं ठेवू चहा." तिला पुढचं ठाऊक नव्हतं. तरी ती म्हणाली.

पुढे मूल शेजारणीकडून परत येतं. दुडुदुडु आत जातं. आई-बाप जमिनीवर पडलेले असतात. आणि पडद्यावरचा सगळा आवाज जातो.

संगीत थांबणं वेगळं. इथं रडणाऱ्या मुलाचं तोंड उघडलेलं दिसतं आणि ऐकू काहीच येत नाही. सिनेमात शांतता दाखवायची तरी सहसा तिच्याखाली काहीतरी ठेवलेलं असतं, वाऱ्याची झुळूक, लांबची गाडी, खोलीची घरघर. कानाला तो आधार लागतो. तोही काढून घेतला की कान आपोआप जवळचं शोधायला लागतो. जालन्याच्या त्या थेटरात भिंतीवरचे पंखे खडखडत होते. तीन तास ते खडखडतच असणार, पण मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकले. शेजारचीचा श्वास ऐकला. कुणाच्या तरी बांगड्या. म्हणजे चित्रपटानं शेवटी आम्हाला आमचाच आवाज ऐकवला, जिवंत माणसांचा, एका खोलीत बसलेल्या. मूल दाराबाहेर चालायला लागलं, फरशीवर तांबडी पावलं उमटत गेली, आणि सहाशे माणसांत शिट्टी नाही, खाकरणं नाही.

उडीला लांबवून सुरू झालेली गोष्ट अशी वेळच थांबवून संपते. सगळं झालं कसं, हे दाखवलेलंच नाही. आठवणीत दाट विणायला काही दिलंच नाही, म्हणून प्रत्येकजण ती रिकामी जागा बरोबर घेऊन घरी गेला. दोन वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं प्रतिष्ठेच्या नावाखाली होणारी अशी हत्या रोखण्यासाठी राज्यांना आदेश दिले: अशा जोडप्यांना संरक्षण द्या, त्यांच्यासाठी सुरक्षित निवारा उभारा, जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष करा. ते वाचताना मला तो चहाचा कोपरा दिसत होता.

परतीला काळीपिवळीत कुणी फारसं बोललं नाही. अर्धा रस्ता गेल्यावर आत्यानंच तिच्या माहेरच्या विहिरीचं सांगायला सुरुवात केली, शेवटाबद्दल एक शब्दही न काढता. फाट्यावर उतरलो तेव्हा रात्र झाली होती. टँकर उभा होता, रिकामा.

त्या वर्षी पाऊस उशिरा का होईना पण भरपूर झाला. सप्टेंबरच्या शेवटी ओढ्यानाल्यांना पूर आले आणि ऑक्टोबरात आमची सात परसाची विहीर कठड्याला टेकली. एका दुपारी आत्या शेतात आली होती. माझ्या भावाची पोरगी, नऊ वर्षांची, डबा सोडून मुटका मारायला निघाली होती आणि कडेला उभी राहून घाबरत होती. आत्या तिच्याजवळ गेली, कठड्यावर हात टेकून वाकली. मे महिन्यात याच विहिरीत खडा टाकला, तर 'एक' म्हणून 'दोन' तोंडात येईपर्यंत खाली ठणका व्हायचा. आत्यानं एक खडा उचलला आणि पोरीला म्हणाली, "मोज."

पोरगी 'एक' म्हणायच्या आत पाणी वाजलं.